ओव्हरसिअर ते कॅप्टन : आजोबांच्या युद्धसेवेचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा : आजोबा १९३६ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. घरात सांगतात की १९४२ च्या शेवटी 'कमिशन' (म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक) घेऊन ते लष्करात गेले, ब्रह्मदेशात कॅप्टन होते आणि १९४६ मध्ये परत खात्यात रुजू झाले. हाताशी गणवेशातला एक फोटो, तीन पदकं आणि एक पोस्टकार्ड आहे. लष्कराच्या एका अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं, तर 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं. आता पुढे काय?

त्या उत्तराने नाउमेद होऊ नका. ते बहुधा खरंच आहे, फक्त तुम्ही दार चुकीचं ठोठावलं. रेजिमेंटची आणि कोअरची (इंजिनिअर्स, सिग्नल्स अशा शाखांची) अभिलेख कार्यालयं जवानांची आणि जेसीओंची (तेव्हाच्या भाषेत व्हीसीओंची, म्हणजे जमादार-सुभेदारांची) कागदपत्रं ठेवतात. कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याची फाइल तिथे कधीच नसते, ती सेना मुख्यालयाच्या अखत्यारीत असते. खडकीला, बेळगावला, नाहीतर सागरला पत्र घालून महिनोन्‌महिने वाट बघणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

पण मुख्यालयाकडेही इतक्यात जाऊ नका. सरकारी नोकरीतून सैन्यात गेलेल्या माणसाचा शोध आघाडीवरून सुरू करायचा नसतो, कचेरीतून करायचा असतो. मुलकी खात्याला त्याला कोणत्या तारखेला सोडलं आणि कोणत्या तारखेला परत घेतलं, हे लिहून ठेवावंच लागत होतं, कारण पगार, वेतनवाढ आणि पेन्शन त्यावर ठरायचं. त्या दोन तारखांच्या चौकटीत मग पदकं, फोटो आणि पोस्टकार्ड बसवून बघायचं. जे बसत नाही, ते एकतर घरातल्या आठवणीतलं चुकीचं, नाहीतर दुसऱ्याच कुणाचं. 'आजोबा कुठे लढले' हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या.

आधी हे पक्कं करा की ते खरंच कमिशन घेतलेले अधिकारी होते. घरात 'ऑफिसर' म्हणतात तेव्हा निदान चार वेगळ्या गोष्टी निघू शकतात. पहिली, इमर्जन्सी कमिशन, म्हणजे युद्धापुरतं मिळालेलं इंग्लंडच्या राजाचं कमिशन. दुसरी, व्हीसीओ. जमादाराच्या खांद्यावरही एक तारा असे आणि सुभेदाराच्या दोन, त्यामुळे फोटोत तो सेकंड लेफ्टनंट किंवा लेफ्टनंटसारखाच दिसतो. तिसरी, लष्कराच्या कामावर असलेला मुलकी कर्मचारी, उदाहरणार्थ मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमधला (एमईएस). चौथी, मुलकी संरक्षण. हवाई हल्ल्यापासून बचावाच्या दलातही गणवेश होते, हुद्दे होते, आणि तालुक्याच्या गावात अशा माणसाला लोक सर्रास 'कॅप्टनसाहेब' म्हणत.

फोटोत खांदे नीट दिसत असतील तर भिंगाखाली बघा. एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन, नुसता मुकुट मेजर. तीन तारे असतील तर कॅप्टन असण्याची शक्यता बरीच वाढते. एक-दोन असतील तर शंका जिवंत ठेवा.

युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचं होतं, संपलं तेव्हा पंचवीस लाखांचं. एवढ्या फौजेला पुरतील इतके अधिकारी डेहराडूनच्या अकादमीतून निघणं शक्यच नव्हतं. म्हणून मऊ, बेळगाव, बंगळूर इथल्या प्रशिक्षण शाळांमधून साधारण सहा महिन्यांत अधिकारी तयार होऊ लागले. युद्धाआधी मूठभर असलेले हिंदी कमिशन्ड अधिकारी शेवटी सुमारे आठ हजारांवर गेले. यातले कितीतरी जण कारकून, शिक्षक, वकील, इंजिनिअर होते. म्हणजे घरातली गोष्ट मुळात अशक्य नाही.

आता मुलकी कागद. पहिला शोध सेवापुस्तकाचा. त्यात 'मिलिटरी ड्यूटी' किंवा 'वॉर सर्व्हिस' अशी नोंद, कार्यमुक्तीची आणि रुजू होण्याची तारीख, मूळ पदावरचा धारणाधिकार (जुन्या कागदांत 'लीन') कायम ठेवल्याचा आदेश क्रमांक आणि दरवर्षीचं सेवापडताळणीचं टिपण असायला हवं. सेवापुस्तक बहुधा नष्ट झालेलं असेल. मुदतीनंतर कचेऱ्या ती काढून टाकतात, आणि त्यात कुणाचा दोष नाही. तेव्हा पेन्शनचे कागद घरातच शोधा. पेन्शनच्या हिशेबात युद्धसेवा धरली असेल तर सेवेच्या तपशिलात ती वेगळी दाखवलेली सापडते. आजीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत असेल तर त्याची फाइलही बघा.

इथे एक गफलत नेहमी होते. लोक मुंबई सरकारच्या राजपत्राचे अंक उलटत बसतात आणि काहीच हाती लागत नाही. ओव्हरसिअर हे राजपत्रित पद नव्हतं, त्यामुळे त्याच्या बदल्या-रजा राजपत्रात छापल्या जात नसत. मामलेदार, डेप्युटी इंजिनिअर, सिव्हिल सर्जन असते तर 'यांची सेवा हिंदुस्थान सरकारच्या डिफेन्स डिपार्टमेंटच्या स्वाधीन करण्यात येत आहे' अशा धाटणीची एक ओळ मिळाली असती. (१९४२ च्या मध्यात जुन्या डिफेन्स डिपार्टमेंटचं नाव वॉर डिपार्टमेंट झालं, म्हणून शोधताना दोन्ही नावं धरा.) ओव्हरसिअरसाठी खात्याच्या आस्थापना याद्या आणि युद्धानंतरच्या सेवाज्येष्ठता याद्या बघायच्या. ज्येष्ठता यादीच्या शेरा रकान्यात युद्धसेवेचा उल्लेख यायचा, कारण त्यावरून मागच्यांची कुरबूर चाले.

हे कागद कुठे असतील ते गाव कोणत्या राज्यकारभारात होतं यावर ठरतं. मुंबई इलाख्यातल्या खात्यांची जुनी दप्तरं मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. नेमणूक धारवाड, बेळगाव, विजापूर किंवा कारवारला असेल तर १९५६ नंतर काही दप्तर कर्नाटकाकडे गेलं असेल, हे लक्षात ठेवा. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, मराठवाडा निजामाच्या राज्यात. त्यांचे कागद नागपूर-भोपाळ आणि हैदराबादकडे शोधावे लागतात.

कोल्हापूर किंवा बडोद्यासारख्या संस्थानातली नोकरी असेल तर शोध पूर्ण वेगळा होतो. संस्थानी फौजेतला अधिकारी इंग्लंडच्या राजाचं नव्हे, तर त्या संस्थानिकाचं कमिशन घेतलेला असायचा. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्सचा अधिकारी इमर्जन्सी कमिशनच्या यादीत कितीही शोधला तरी मिळणार नाही.

समजा मुलकी बाजूने कार्यमुक्ती नोव्हेंबर १९४२ आणि पुन्हा रुजू ऑगस्ट १९४६ असं निघालं. यातला पहिला भाग प्रशिक्षणाचा. त्याआधी निवड मंडळ. १९४३ पासून आजच्या एसएसबीचा (सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाचा) पूर्वज असलेली चाचण्यांची पद्धत सुरू झाली, त्याआधी मुख्यतः मुलाखतच होती. मग सहा महिन्यांच्या आसपास शाळा, आणि त्यानंतर कोअरच्या केंद्रात तांत्रिक शिक्षण. म्हणजे नोव्हेंबर १९४२ ला कचेरी सोडलेला माणूस १९४३ च्या पावसाळ्याआधी आघाडीवर पोचणं कठीण. घरात '१९४२ च्या ब्रह्मदेशातल्या माघारीत आजोबा होते' असं सांगत असतील, तर ते तारखेलाच बसत नाही. माघार मे १९४२ मध्ये संपली होती.

पुढचा दुवा वैयक्तिक क्रमांक. नावापेक्षा तो कितीतरी भरवशाचा. युद्धापुरतं कमिशन घेतलेल्या हिंदी अधिकाऱ्याच्या क्रमांकाआधी आय.ई.सी. अशी अक्षरं असतात, ब्रिटिश इमर्जन्सी अधिकाऱ्याच्या आधी नुसतं ई.सी. युद्धानंतर ज्यांना नियमित कमिशन मिळालं, त्यांचा क्रमांक बदलून आय.सी. झाला. ब्रह्मदेशातल्या वन खात्यासारख्या मुलकी सेवांमधल्या माणसांना आर्मी इन बर्मा रिझर्व्ह ऑफ ऑफिसर्समध्ये घेत, तिथे ए.बी.आर.ओ. हा उपसर्ग येतो. क्रमांक कुठे सापडेल? ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेला, गणवेशाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, मुक्ततेच्या आदेशावर, बँकेच्या किंवा विम्याच्या जुन्या पत्रव्यवहारात. लोखंडी ट्रंक अजून माळ्यावर असेल तर आधी ती उतरवा. रंगाचे थर चढलेले असले तरी तिरप्या उजेडात अक्षरांचे उंचवटे दिसतात.

हिंदी इमर्जन्सी अधिकाऱ्यांची कमिशनं हिंदुस्थान सरकारच्या राजपत्रात येत, शौर्यपदकं आणि युद्धवृत्तातला उल्लेख ('मेन्शन्ड इन डिस्पॅचेस') लंडन गॅझेटमध्ये. लंडन गॅझेट ऑनलाइन फुकट शोधता येतं, म्हणून सगळे तिथे जातात, आजोबांचं नाव मिळत नाही, आणि 'ते अधिकारीच नव्हते' असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष चूक. पदक किंवा उल्लेख नसेल तर त्यांचं नाव तिथे असण्याचं कारणच नाही. हिंदुस्थानच्या राजपत्राचे युद्धकाळातले अंक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि मोठ्या सरकारी ग्रंथालयांत मिळतात. त्याच्या जोडीला इंडियन आर्मी लिस्ट ही छापील यादी बघा, तिच्यात कोअरनिहाय नावं, कमिशनची तारीख आणि हुद्दा असतो.

नाव शोधताना मराठी आडनावांचं इंग्रजी रूप हा मोठा खड्डा आहे. टंकलेखक बहुधा पंजाबी नाहीतर मद्रासी असायचा. चव्हाणचं चौहान, पवारचं पोवार किंवा पुआर, गायकवाडचं गायकवार, शिंदेचं सिंधे, भोसलेचं भोंसले, जाधवचं जादव किंवा जाधाव. 'व'साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू. मराठा हा शब्दसुद्धा तेव्हाच्या कागदांत मधे 'एच' घालून 'महरट्टा'सारखा लिहिलेला सापडतो. कुलकर्णी, देशपांडे, जोशी असाल तर उलट अडचण : एकाच आद्याक्षरांचे दोन-तीन जण निघतील. तिथे क्रमांक किंवा कोअर जुळल्याशिवाय कुणालाही आजोबा मानू नका. आणखी एक गोष्ट म्हणजे कधीकधी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं असतं, म्हणून ते अक्षरही चाळून बघा.

हुद्द्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घराघरातले वाद इथलेच असतात. युद्धकाळात एकाच माणसाचे एका वेळी दोन-तीन हुद्दे असायचे. जागेवर बसला की आधी 'अ‍ॅक्टिंग', तीनेक महिने सलग ते काम केलं की 'टेम्पररी', आणि त्या खालचा हुद्दा 'वॉर सब्स्टॅन्टिव्ह', म्हणजे युद्ध असेपर्यंत काढून न घेता येणारा. टेम्पररी कॅप्टनची जागा गेली (आजारपण, बदली, तुकडीचं विसर्जन) की तो पुन्हा लेफ्टनंट. ही शिक्षा नव्हती. सैन्य सोडताना अनेकांना 'ऑनररी कॅप्टन' किंवा 'ऑनररी मेजर' म्हणून सोडलं, आणि त्याची नोंद राजपत्रात आली. त्यामुळे १९४५ च्या फोटोत दोन तारे आणि घराच्या पाटीवर 'कॅप्टन' हे दोन्ही खरं असू शकतं.

ओव्हरसिअर गेले कुठे? जवळजवळ नक्की इंजिनिअर्समध्ये. सरकारने मुलकी कसब वाया घालवलं नाही : रेल्वेचा माणूस रेल्वे कंपनीत, तारखात्याचा सिग्नल्समध्ये, डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आणि ३ एप्रिल १९४३ नंतर नव्या इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्ये, हिशेब आणि पुरवठ्याची सवय असलेला महसूल खात्यातला माणूस बहुधा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. आयसीएस अधिकारी तर थेट वरच्या हुद्द्यावर जात. ब्रह्मदेश पुन्हा घेताना मागोमाग मुलकी कारभार उभा करणारी सिव्हिल अफेअर्स सर्व्हिस होती. तिचा प्रमुख पीअर्स हा ब्रह्मदेशात काम केलेला आयसीएस अधिकारी, त्याला मेजर जनरलचा हुद्दा होता. उलट्या दिशेचं उदाहरण म्हणजे मणिपूरचे बॉब खातिंग. शिक्षकी सोडून युद्धात गेले, व्ही फोर्स या टेहळणी दलात काम करून एमबीई आणि मिलिटरी क्रॉस हे सन्मान मिळवले, आणि नंतर मुलकी अधिकारी म्हणून १९५१ मध्ये तवांगला भारताचा कारभार नेला.

कोअरचं नाव कागदात 'इंडियन इंजिनिअर्स' असं दिसेल. 'रॉयल इंडियन इंजिनिअर्स' हे नाव १९४६ चं. त्याआधीच्या तारखेच्या कागदावर कोअरचं हे 'रॉयल' नाव असेल तर तो कागद नंतर तयार केलेला आहे.

इंजिनिअर्समध्येही कोणती तुकडी यावर सगळं अवलंबून. फील्ड कंपनी डिव्हिजनबरोबर पुढे चालायची : सुरुंग काढणं, नदी ओलांडणं, पूल टाकणं. आर्टिझन वर्क्स कंपन्या आणि इंजिनिअर बटालियन मागून रस्ते, धावपट्ट्या, छावण्या बांधत. तिसरी शक्यता एमईएसची. कमिशन घेतलेला ओव्हरसिअर असिस्टंट गॅरिसन इंजिनिअर म्हणून देवळालीला किंवा झाशीला पाठवला गेला असेल आणि युद्धभर हिंदुस्थानाबाहेर गेलाच नसेल. हे ऐकायला घरच्यांना आवडत नाही, पण कामाच्या प्रमाणात ते कमी नव्हतं.

आसामात जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, म्हणजे ग्रेफ, होता. त्याचं नाव कागदात दिसलं की लोक ते सीमा सडक संघटनेशी जोडतात. ती संघटना १९६० ची. नाव तेच, संस्था वेगळी.

बांधकाम खात्याचा अनुभव या आघाडीवर किती उपयोगी होता हे समजलं तर तुकडीची रोजनिशी वाचताना अर्थ लागतो. दिमापूर–कोहिमा–इंफाळ हा एकच रस्ता सगळ्या मधल्या आघाडीचा पुरवठा वाहायचा, आणि पावसाळ्यात तो डोंगरासकट खाली यायचा. पुढे ब्रह्मदेशात तामूपासून कलेवापर्यंत कबॉ खोऱ्यात दगड-खडी मिळेना म्हणून डांबरात भिजवलेलं तागाचं कापड अंथरून पृष्ठभाग केला, त्याला बिथेस म्हणत. कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून टाकायच्या. खालची माती आधी कोरडी, दाबलेली आणि दोन्ही बाजूंना उताराची हवी. पाणी एकदा कापडाखाली शिरलं की ट्रकच्या चाकाखाली तो तुकडा फाटायचाच. म्हणून रोजनिशीत बिथेसपेक्षा गटारांच्या नोंदी जास्त दिसतात, आणि त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी तेच मुख्य काम. डिसेंबर १९४४ मध्ये कलेवाजवळ चिंदविन नदीवर तरंगता बेली पूल (तयार पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) टाकला गेला, १,१५४ फूट लांबीचा, त्या वेळी जगातला सगळ्यात लांब बेली पूल. 'आजोबांनी चिंदविनवर पूल बांधला' असं घरात सांगत असतील तर ते शक्य आहे, पण त्या नदीवर तराफे, घाट आणि छोटी कामंही शेकडो होती. तुकडीचं नाव मिळेपर्यंत 'तो' पूल म्हणू नका.

आता तुमची तीन पदकं. पदकं खोटं बोलत नाहीत, पण त्यांना नियमांनिशी वाचावं लागतं. ब्रिटिश सैनिकांच्या ताऱ्यांवर नाव नसे, पण हिंदी सैन्याला दिलेल्या ताऱ्यांच्या मागे नाव ठोकलेलं असे, म्हणून आधी मागची बाजू बघा. नाव नसेल किंवा वाचता येत नसेल तर ती आजोबांचीच आहेत का, हे घरातल्या इतर फौजींशी ताडून बघा. काका, आतेआजोबा, सासरचे, सगळे.

सहा टोकांचा पिवळट धातूचा तारा, फीत गडद निळी-लाल-फिकट निळी, तीन सारखे पट्टे : तो १९३९–४५ स्टार. भूदलासाठी साधारण अट १८० दिवस युद्धक्षेत्रात. तसाच तारा, पण फितीच्या मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना निळा आणि प्रत्येक निळ्याच्या पोटात नारिंगी रेघ : बर्मा स्टार. त्याला ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धक्षेत्रात एक दिवसही पुरे. बंगाल आणि आसामातले ठरावीक भागही त्यात धरले होते, म्हणून बर्मा स्टार आहे म्हणजे माणूस ब्रह्मदेशाच्या हद्दीत गेलाच, असं नाही. गोल पांढरट वॉर मेडल २८ दिवसांच्या पूर्णवेळ सेवेवर मिळालं. त्याच्या फितीवर छोटं कांस्याचं ओकचं पान असेल तर लगेच लंडन गॅझेट उघडा : युद्धवृत्तात नाव आलेलं आहे.

इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर मजेशीर हिशेब करता येतो. ते हिंदुस्थानातल्या तीन वर्षांच्या बिगरयुद्धक्षेत्रीय सेवेसाठी होतं, मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५. नोव्हेंबर १९४२ मध्ये सैन्यात शिरलेल्याची त्या मुदतीत तीन वर्षं भरतच नाहीत. तेव्हा ते पदक तुमच्या तिनांत असेल तर एकतर आजोबा आधीच कुठल्यातरी लष्करी कामावर होते, नाहीतर पदक दुसऱ्याचं आहे. आफ्रिका किंवा इटली स्टार निघाला तर ब्रह्मदेशाची गोष्टच तपासून घ्या. इराक-इराणसाठी वेगळा तारा नव्हता, त्यामुळे तिथे दोन वर्षं काढलेल्या माणसाकडे दाखवायला फारसं काही नसतं.

फोटोत बाहीच्या वर कापडी चिन्ह दिसतंय का? काळी मांजर म्हणजे १७वी हिंदी डिव्हिजन, खंजीर १९वी, झुंजीचा कोंबडा २३वी, इस्पिकचा एक्का २५वी, त्रिकोणातून बाहेर येणारा वाघ २६वी. खाली टोक केलेली तलवार असलेली ढाल ही १४व्या आर्मीची. ती असेल तर तुकडी डिव्हिजनमधली नसून आर्मीच्या थेट ताब्यातली असण्याची शक्यता जास्त, आणि रस्तेबांधणीच्या कंपन्या बहुधा तशाच होत्या. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का बघायला विसरू नका. जुन्या अल्बमातून फोटो ओरबाडून काढू नका, कोपरे ओले करून तर मुळीच नको. जमलं तर पानासकटच मागून उजेड टाकून वाचा.

पोस्टकार्डावर गावाचं नाव नसेल, सेन्सॉरमुळे ते लिहिता येत नसे. पण फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख शिक्क्यात असते. टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी कोणतं ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होतं याच्या याद्या केल्या आहेत. क्रमांक आणि तारीख दोन्ही लागतात, कारण ऑफिस तुकडीबरोबर हलायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'ए.बी.पी.ओ.' असं दिसलं तर तो पुढच्या तळाच्या टपाल कचेरीचा पत्ता. ती मोठ्या प्रदेशासाठी एकच असायची, तेव्हा तिच्यावरून गाव ठरवू नका. पत्त्यात तुकडीचं नाव असेल तर मात्र ते सोन्यासारखं.

तुकडी कळली की वॉर डायरी. युनिटची दर महिन्याची रोजनिशी सी.२११८ या छापील नमुन्यावर लिहीत : तारीख, ठिकाण, घटना. हिंदी तुकड्यांच्या प्रती दोन ठिकाणी मिळतात. दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात (तिथे आधी परवानगी लागते), आणि लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये : आग्नेय आशियासाठी डब्ल्यूओ १७२ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, हा तिथला संग्रह-क्रमांक), मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०. पदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये, त्या नावाने शोधता येतात. दिल्लीतली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनही लष्करी इतिहासाच्या शोधात मदत करते.

डायरी वाचायला बसलात तर आधी महिन्याच्या शेवटची परिशिष्टं काढा. अधिकाऱ्यांची नामावली आणि साप्ताहिक फील्ड रिटर्न (तुकडीच्या मनुष्यबळाचा तक्ता) तिथे असतात, आणि आजोबांचं नाव मिळालं तर तिथेच मिळेल. मुख्य मजकुरात कनिष्ठ अधिकारी येतो तो आला तेव्हा, गेला तेव्हा आणि दवाखान्यात पडला तेव्हा. 'टी.ओ.एस.' म्हणजे पटावर घेतला, 'एस.ओ.एस.' म्हणजे पटावरून काढला. त्याचा संकटाच्या हाकेशी काही संबंध नाही. 'एस.ओ.एस.' नंतर नाव गायब झालं तर मृत्यू किंवा पळून जाणं असं काही मनात आणू नका, मलेरियाने मागे पाठवलेल्यांचीही तीच नोंद. डायरी लिहिण्याचं काम अ‍ॅडज्युटंटचं (तुकडीची कचेरी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) किंवा कंपनीतल्या कुणा तरुण अधिकाऱ्याचं, त्यामुळे कुठे पानभर आणि कुठे 'नेहमीची कामं' एवढंच. सही नीट बघा, लिहिणारे आजोबाच असू शकतात.

एवढं झाल्यावर सेना मुख्यालयाकडे अर्ज करा, माहिती अधिकाराखाली. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. 'आजोबांची सगळी माहिती द्या' असं लिहिलंत तर नकारच येईल. अर्जात इंग्रजीतलं नाव सगळ्या संभाव्य रूपांत, वडिलांचं नाव, जन्मतारीख, तेव्हाचं गाव-तालुका-जिल्हा, आय.ई.सी. क्रमांक, कमिशन आणि मुक्ततेची तारीख, कोअर हे द्या. आणि नेमकं मागा : सेवानोंदीची प्रत, नेमणुकांची यादी, मिळण्यायोग्य पदकं, मुक्ततेच्या वेळचा मानद हुद्दा. मृत्युदाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा. 'खासगी माहिती' म्हणून अडवलं तर अपिलात कलम ८(३) दाखवा : वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेच्या माहितीला त्या कलमातले थोडेच अपवाद लागू राहतात, खासगी माहितीचा त्यांत येत नाही. 'फाइल उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ती कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट केली, हे विचारा. कधीकधी त्या प्रश्नानंतर फाइल सापडते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चक्कर मारा. दुसऱ्या महायुद्धातले निवृत्तिवेतन नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना राज्य सरकार मानधन देतं. आजोबांनी किंवा आजीने कधी अर्ज केला असेल तर त्याला जोडलेल्या मुक्तता दाखल्याची प्रत तिथल्या फाइलमध्ये असेल. मूळ घरात हरवलं आणि प्रत तिथे राहिली, असं बऱ्याचदा होतं.

एक फाटा उरतो. मुलकी कागदात कार्यमुक्ती १९४० किंवा १९४१ ची निघाली आणि १९४२ ते १९४५ सगळं रिकामं असेल, तर मलाया-सिंगापूर लक्षात घ्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला तिथे कैद झालेल्यांचा शोध युद्धकैद्यांच्या याद्यांत आणि राष्ट्रीय अभिलेखागारातल्या आझाद हिंद सेनेच्या कागदांत घ्यावा लागतो. परत आल्यावर चौकशी करून त्यांना 'पांढरे', 'करडे', 'काळे' असे वर्ग लावत, आणि वर्गावर पगाराची थकबाकी आणि नोकरी अवलंबून असे. तुमच्या आजोबांच्या तारखा याला जुळत नाहीत, पण फोटोच्या मागे १९४१ असं काही लिहिलेलं सापडलं तर आधी नोव्हेंबर १९४२ ही तारीखच तपासा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा : ट्रंक, पेन्शनचे कागद, पदकांच्या फिती, पोस्टकार्डाचा शिक्का. हे चारही घरातच आहेत. पोस्टकार्डाच्या शिक्क्याचा फोटो काढताना झगझगीत प्रकाश टाकू नका, बाजूने दिवा धरा. क्रमांकाचा तिसरा आकडा बहुतेक वेळा शाईत बुडालेला असतो, आणि मागच्या बाजूला उठलेला ठसा आरशात बघितला की वाचता येतो.